उतरले सव्वीस, चढले तीन

मोजणीवालीचं काम तसं सोपं होतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर बसायचं. बसमध्ये माणूस चढला की मुठीत मावणाऱ्या यंत्राची कळ अंगठ्याने दाबायची. टक्. बस गेली की आकडा तक्त्यात लिहायचा, खाली सही करायची, आणि नऊ वाजता तक्ता सुपरवायझरच्या हाती देऊन घरी जायचं. सगळ्या प्रदेशाच्या बसमार्गांची नव्याने आखणी चालली होती. त्यासाठी अशी साठेक माणसं साठेक थांब्यांवर अंगठे सज्ज ठेवून बसली होती.

तिच्या अंगठ्याला मात्र फारसं काम नव्हतं. पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोन, कारण बाळाला ताप आला म्हणून बाळाची आई आली नाही. चौथ्या दिवशी पुन्हा तीन. बाळ धरून चार झाले असते, पण कडेवरचं मूल मोजू नये असं सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं.

तिघं ठरलेले. एक ही बाळाची आई. बाळाला पाळणाघरात सोडून ती पुढे कामाला जायची. दुसरा गठ्ठेवाला, घरी शिवलेल्या पिशव्यांचे दोन मोठे गठ्ठे पाठीवर आणि पोटावर बांधून तो असा यायचा की पुढून येतोय की मागून, हे कळू नये. आणि तिसरे घड्याळजी. शहरात जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उजवा पाय गुडघ्यातून वाकत नव्हता, काखेत कुबडी असायची. ते वीस मिनिटं आधीच येऊन बाकावर बसत.

"ताई, अंगठा दमला असेल आज," ते म्हणायचे.

"दमायला काम कुठंय, काका? बाजारपेठेच्या थांब्यावरची म्हणे अंगठ्याला पट्टी बांधून बसते."

"असंच चाललं तर तुमचं हे कामही जाईल आणि माझा थांबाही."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. नव्या आराखड्याचा मसुदा सगळ्या घरांच्या दारांत टाकला होता, त्यातलं चौथं पान. सकाळच्या वेळेत वीसपेक्षा कमी प्रवासी चढतात असे थांबे नव्या जलद मार्गातून वगळण्यात येतील. हरकती आणि सूचनांसाठी जनसुनावणी, शाळेच्या सभागृहात, मोजणी संपल्यावर पुढच्या आठवड्यात, शनिवारी चार वाजता.

मोजणीवालीने तो मजकूर दोनदा वाचला. आपण रोज लिहितो तो तीनचा आकडा कुठे जातो, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"मग तुम्ही पुढच्या, पुलाजवळच्या थांब्यावर जाल का?"

"गेलो होतो. गेल्या रविवारी करून पाहिलं. सगळा चढ आहे. कुबडीवर पाऊण तास लागला. पोचलो, पोचलो नाही असं नाही. पण दुपारपर्यंत हात थरथरत होते." त्यांनी दोन्ही हात पुढे धरून दाखवले. आत्ता ते अगदी स्थिर होते. "थरथरत्या हाताने घड्याळ उघडलं ना ताई, तर ते पुन्हा मिटायचं नाही. म्हणजे थांबा गेला तर दुकानच गेलं समजा."

सातची बस आली. कंडक्टरने हात दिला, घड्याळजी चढले. टक्. बाळाची आई. टक्. गठ्ठेवाला आधी पुढचा गठ्ठा आत ढकलून मग मागच्यासकट आत शिरला. टक्. आत सगळ्या जागा भरलेल्या होत्या. तिघं उभे राहिले. शहर तिथून पन्नास मिनिटांवर होतं.

त्याच दिवशी मोजणीवाली आपला डबा थांब्यावरच्या बाकाखाली विसरली. संध्याकाळी तो न्यायला आली, तेवढ्यात शहरातून परतणारी सहाची बस आली. दार उघडलं आणि माणसं उतरू लागली. ती उतरतच राहिली. मोजणीवालीच्या हातात यंत्र नव्हतं, पण अंगठा आपोआप तर्जनीवर आपटू लागला. बस गेली तेव्हा तो थांबला. सव्वीस.

ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली. सव्वीस माणसं तिच्यासमोरून टाकीमागच्या गल्ल्यांमध्ये शिरली, कुलपं उघडल्याचे आवाज आले, खिडक्यांत दिवे लागले. म्हणजे ही माणसं पाहुणी नव्हती. इथेच राहत होती.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी मुद्दाम गेली. सव्वीस. तिसऱ्या दिवशी सत्तावीस. त्यातली एक म्हातारी बाई पत्ता विचारत होती, ती सोडली तर सव्वीस.

घरी तिने दोन्ही आकडे कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवले. नवरा भाजी चिरत होता. मुलगी समोर बसून गृहपाठ करत होती. ती चौथीत होती आणि त्या वयात असतो तसा दुसऱ्याच्या चुका काढायचा तिला मोठा शौक होता.

"आई, हे चुकलंय."

"नाही चुकलं. तीनदा मोजलंय."

"अगं, सकाळी तीन गेले, तर संध्याकाळी सव्वीस कसे येतील? हे आमच्या गणितातल्या हौदासारखं आहे. एका नळाने भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. रोज तेवीस जास्त आले तर तुमची ती वस्ती भरून वाहायला लागेल."

"कुणाच्या गाडीतून जात असतील सकाळी," नवरा म्हणाला.

"तेवीस जण? गाडी आहे की ट्रक?" मुलीने विचारलं.

"मग चालत जात असतील."

"शहरापर्यंत? मग संध्याकाळी पण चालतच येतील ना, बाबा!"

बाबांनी विळीवरून मान वर केली आणि पुन्हा भाजीत घातली.

मोजणीवालीने सुपरवायझरला विचारून पाहिलं. तो एका वेळी चार तक्ते तपासत होता.

"संध्याकाळचं मोजायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का मोजलंत?"

"कुतूहल वाटलं म्हणून."

"त्याला भत्ता नाही," तो म्हणाला आणि पुढचा तक्ता घेतला.

दोन आठवड्यांची मोजणी संपली. काम संपलं की माणूस मोकळा होतो, पण हिचं उलटंच झालं. तो हौद तिच्या डोक्यातून जाईना. सुनावणीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती पहाटेची उठली आणि सव्वासहाला टाकीमागच्या मोठ्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

दारं उघडू लागली. हातात डबा, खांद्याला पिशवी अशी एकेक व्यक्ती बाहेर पडली. आणि गंमत अशी, की थांबा होता डावीकडे, पण सगळे वळले उजवीकडे.

पुढे एक उंच, धिप्पाड बाई होती. शहरातल्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती कामाला होती आणि सगळे तिला मावशी म्हणत होते. तिने मोजणीवालीला पाहिलं.

"काय गं, नवीन दिसतेस. बसायला जागा हवीय ना?"

"तुम्ही कुठे चाललाय ते बघायला आलेय."

"मग बघ. पण पाय उचलून बघ. आणि नर्सरीत बोलू नकोस, तिथलं कुत्रं भुंकतं."

सगळे निघाले. आधी कारखान्याच्या उंच भिंतीला लागून, मग एका फाटकातून थेट झाडांच्या नर्सरीत. दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्यांत लावलेली रोपं, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. नर्सरीवाला नळी धरून पाणी घालत होता, त्याने नळी बाजूला घेतली. जणू रोज घ्यायचाच. पुढे नाल्यावर टाकलेली फळी. ती ओलांडली, आणि मोजणीवाली पाहते तो काय, समोर बसचा डेपो! बस धुतात तिथली मागची बाजू.

डेपो हा मार्गाचा पहिला थांबा, टाकीचा दुसरा. बसला कारखान्याला मोठा वळसा घालून टाकीपाशी यावं लागे. माणसं मात्र नर्सरीतून उलटी चालत वीस मिनिटांत डेपोत पोचत. तिथे बस रिकामी उभी असे. दार उघडलं की आत शिरायचं आणि हवी ती खिडकी पकडायची.

मोजणीवालीच्या अंगठ्याने रांग मोजली. तेवीस. हौद बरोबर भरला.

"आता कळलं?" मावशी म्हणाली. "पन्नास मिनिटं उभं राहायचं आणि मग दिवसभर मशीनपुढे पुन्हा उभंच राहायचं, त्यापेक्षा हे बरं. पण बाहेर बोलायचं नाही हं. पुलाकडच्यांना ही वाट कळली तर आम्ही पुन्हा लोंबकळत जाणार."

"नाही बोलणार. पण मावशी, तुमचा थांबा काढतायत ना?"

"काढून दाखवू देत! उद्या सगळे जातोय सुनावणीला. असा आवाज करू की छप्पर उडेल."

"पण तुम्ही तर तिथे चढतच नाही."

"उतरतो ना! संध्याकाळी काय डेपोपर्यंत जाऊन अंधारात त्या कुत्र्याच्या तोंडी देऊ स्वतःला?"

शनिवारी शाळेचं सभागृह भरलं. बाकं लहान मुलांची होती, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. भिंतीवर प्रदेशाचा भलामोठा नकाशा लावला होता आणि दाराशी प्रत्येकाला तीन हिरवे चिकटणारे ठिपके मिळत होते. जिथे बस थांबावी असं वाटतं तिथे ठिपका लावायचा. ठिपके वाटायचं काम मोजणीवालीकडे होतं. एका दिवसाचा तेवढाच जास्तीचा पगार. मावशी आत आली तेव्हा ती नकाशासमोर पाठमोरी, कोपरा नीट चिकटवत होती, आणि ठिपके तेवढा वेळ सुपरवायझर वाटत होता.

टाकीच्या लोकांनी सगळे ठिपके एकाच जागी लावले. एकावर एक, एकावर एक, शेवटी तिथे नकाशावर हिरवी टेकडी उभी राहिली. घड्याळजींनी आपले तीन लावायला कुबडी सांभाळत हात उंचावला, पण जागाच उरली नव्हती. त्यांनी ते टाकीच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत लावले. तिथे नकाशात तळं होतं.

आराखड्याच्या मुख्य इंजिनिअर मॅडम वयाने तरुण होत्या. त्यांनी हिरवी टेकडी पाहिली, हातातला तक्ता पाहिला, पुन्हा टेकडी पाहिली.

"या थांब्याला एवढे ठिपके आणि सकाळी चढणारे तीन? हे कसं?"

मावशी उठली. "तीन? हा काय आकडा झाला? आमची एवढी वस्ती! मोजणारी बाई झोपली असेल तिथे!"

टाळ्या पडल्या. मोजणीवाली नकाशापासून वळली. मावशीची आणि तिची नजरानजर झाली. मावशीचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"मोजणारी मी आहे," मोजणीवाली म्हणाली. "आणि मी झोपले नव्हते. सकाळी तीनच चढतात. संध्याकाळी मात्र त्याच थांब्यावर सव्वीस उतरतात. तेही मी मोजलंय. कुणी सांगितलं नव्हतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सव्वीस उतरतात? मग वर्षभरात तुमच्या वस्तीत आठ हजारांवर माणसं वाढली असतील की! राहतात कुठे सगळी?"

सभागृह हसलं. टाकीचे लोक सोडून. त्यांच्यातला एकजण चपलेचा पट्टा तपासू लागला, दुसरा छताकडे पाहू लागला. मावशी हळूच खाली बसली.

"ताई, बाकीचे तेवीस सकाळी कुठे असतात?" मॅडमनी मोजणीवालीला विचारलं. ओरडून नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे अशा स्वरात.

"मला माहीत आहे. पण न सांगण्याचा शब्द दिलाय."

तेव्हा कुबडी टेकल्याचा आवाज आला. घड्याळजी उभे राहिले होते.

"मी सांगतो. मला कुणी शब्द मागितलेला नाही. मागणार कसे? ती वाट मीच शोधून काढली."

"काका!" मावशी म्हणाली.

"बस गं तू. बारा वर्षं झाली, मॅडम. तेव्हा पाय धड होता. नर्सरीवाल्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलो, मागच्या फाटकाने बाहेर पडलो, तर समोर डेपो. दुसऱ्या दिवसापासून डेपोत जाऊन बसून जायला लागलो. स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका. दोघांना सांगितलं, अगदी विश्वासातल्या. त्या दोघांनी आणखी दोघादोघांना, तेही अगदी विश्वासातल्या. मग माझा पाय गेला. नाल्यावरच्या फळीवर कुबडी टिकत नाही. आता ते चालत जातात, आणि मी थांब्यावरून चढून उभा राहतो."

मागच्या बाकांवरून डेपोजवळ राहणारा एक गृहस्थ ताडकन उठला. "म्हणजे डेपोतली गर्दी आमची नव्हतीच? मॅडम, त्या गर्दीच्या जोरावर आम्हाला नवीन शेड मिळतेय!"

"दोन शेड," मॅडमनी आराखडा उलटत म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली किल्ली स्वतःच्याच हातात सापडावी तसं काहीतरी होतं. "आम्ही सगळ्यांना विचारलं, तुम्ही कुठे चढता. कुठे राहता, हे विचारलंच नाही."

"खडू आहे का?" घड्याळजींनी विचारलं.

शाळाच ती, खडू होता. ते फळ्यापाशी गेले आणि मोठ्या आकड्यांत लिहू लागले.

"बसमध्ये जागा चव्वेचाळीस. डेपोतली खरी माणसं एकवीस. त्यात आपले तेवीस मिळाले की बस भरली. टाकीवर येते तेव्हा एकही जागा नाही. आम्ही तिघं चढतो, तिघं उभे. बरोबर?"

"बरोबर," मागून कोणीतरी म्हणालं.

"आता समजा उद्यापासून एकही जण डेपोत गेला नाही. बस एकवीस माणसं घेऊन येईल. रिकाम्या जागा किती?"

पहिल्या बाकावरच्या चार-पाच जणांनी शाळेतल्यासारखं एकसुरात सांगितलं, "तेवीस."

"आणि थांब्यावर आपण सव्वीस. उभे किती राहतील?"

घड्याळजींनी स्वतःच वजाबाकी करून उत्तर लिहिलं.

"तीनच," घड्याळजी म्हणाले. "चाला नाहीतर चालू नका, उभे राहणारे तीनच. तेवीस माणसं रोज वीस-वीस मिनिटं चालतात, त्यातून बसमध्ये एकही जागा वाढत नाही. फरक एवढाच पडतो की उभं कोणी राहायचं ते ठरतं. ज्याला चालता येत नाही, तो. जिच्या कडेवर बाळ आहे, ती. ज्याच्या पाठीवर गठ्ठा आहे, तो."

"मी उठते कधीकधी," मावशी पुटपुटली.

"उठतेस. कधीकधी डोळेही मिटून घेतेस. मीही घ्यायचो. इतकं चालून मिळवलेली जागा सोडवत नाही, मला माहीत आहे."

मॅडमनी फळा आपल्या वहीत उतरवून घेतला. मग म्हणाल्या, "मला पटलं. पण माझ्या पटण्यावर थांबा राहत नाही, आकड्यावर राहतो. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी फेरमोजणी करू. तीन सकाळींची सरासरी वीस आली तर थांबा राहील. तक्त्यात आकडा नाही आला तर मी काही करू शकणार नाही, आणि खोटं सांगून तुम्हाला घरी पाठवणार नाही."

"थोडं वाढवून लिहा की," कोणीतरी सुचवलं.

"मोजणार या आहेत," मॅडमनी मोजणीवालीकडे बोट दाखवलं. "आणि या झोपत नाहीत."

बाहेर मैदानात टाकीचे लोक घोळका करून उभे राहिले.

"हिशेब समजला हो," मावशी म्हणाली. "पण मी थांब्यावर थांबले आणि हा पठ्ठ्या गुपचूप डेपोत गेला तर? ह्याला खिडकी आणि मला दांडी."

"मी कशाला जाईन?" पठ्ठ्या म्हणाला. तो छापखान्यात कामाला होता. "तू जाणार नाहीस कशावरून?"

"बघा! माझ्यावर संशय!"

"तूच आधी घेतलास ना मावशी!"

प्रत्येकाला दुसऱ्याचा पाय दिसत होता, नर्सरीच्या फाटकातून हळूच आत पडणारा. घड्याळजी कुबडी टेकत घराकडे निघाले. त्यांना सांगायचं ते फळ्यावर लिहून झालं होतं.

सोमवारी मोजणीवाली सव्वासहालाच थांब्यावर हजर झाली. सुपरवायझरने बजावलं होतं, की फेरमोजणीत कुणाशी बोलायचं नाही. माणसं येऊ लागली, एकमेकांकडे बघत, कोण आलंय आणि कोण नाही हे मनात टिपत. बस आली. टक् टक् टक्. पंधरा.

बसमध्ये खिडक्यांशी ओळखीचे अकरा चेहरे बसलेले होते. त्यांच्यातले बरेचसे खाली वाकून काहीतरी शोधत होते. मावशी दांडी धरून उभी राहिली, आणि पन्नास मिनिटं त्या अकरा जणांशी काय बोलली ते मोजणीवालीला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मंगळवारी एकवीस जण आले.

म्हणजे दोन दिवसांचे मिळून छत्तीस. सरासरी वीस यायची तर तीन दिवसांचे साठ हवेत. साठातून छत्तीस गेले, उरले चोवीस.

बुधवारी थांब्याच्या पत्र्याखाली माणसं मावेनात. गठ्ठेवाल्याने गठ्ठे उतरवून त्यावर एका आजारी वाटणाऱ्या माणसाला बसवलं होतं. मावशी डोकी मोजत होती. छापखान्यातला पठ्ठ्या धापा टाकत आला. बस वळणावर दिसली.

दार उघडलं. कोणी ढकललं नाही. घड्याळजींना आधी जाऊ दिलं, मग बाळाच्या आईला. टक्. टक्. मोजणीवालीचा अंगठा चालत राहिला. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस म्हणजे पठ्ठ्या. तेवीस म्हणजे मावशी. ती सगळ्यांना चढवून शेवटी चढली.

थांबा रिकामा झाला.

मोजणीवालीने वस्तीच्या गल्लीकडे पाहिलं. कोणी पळत येत नव्हतं. एकजण तापाने घरीच पडून होता, हे मावशीने सकाळीच ओरडून सांगितलं होतं. उरलेले दोघं बसमध्ये डेपोतून बसून आले होते आणि दोघांनी मिळून एकच वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं.

"चला ताई, येताय का?" कंडक्टर म्हणाला. तक्ता त्या दिवशी थेट शहरातल्या कार्यालयात द्यायचा होता, म्हणून तिलाही याच बसने जायचं होतं. तिने पायरीवर पाय ठेवला. अंगठा कळीवर होता. ती चढणारी चोविसावी होती.

मावशी दारातून बघत होती. "दाब की," ती हळू आवाजात म्हणाली. "तू काय माणूस नाहीस?"

मोजणीवालीने क्षणभर विचार केला. ती इथे राहत नव्हती. उद्या येणार नव्हती. तिने अंगठा उचलला आणि यंत्र पिशवीत टाकलं.

तेवीस. तिन्ही दिवसांचे मिळून एकोणसाठ.

आत घड्याळजी खिडकीशी बसले होते. पाय गेल्यापासून पहिल्यांदाच. एकोणसाठ झाल्याचं त्यांना मावशीने सांगितलंच असावं, कारण चेहरा उतरलेला होता. तरी ते बाहेर बघत होते. उभं राहिलं की खिडकीतून फक्त रस्त्याची कड दिसते, चाकांजवळची. बसल्यावर सगळं दिसतं.

"ही लाकडाची वखार कधी झाली?" त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"पाच वर्षं झाली, काका."

"आणि तो मनोरा?"

"तो तर त्याच्याही आधीचा."

"अरे वा," घड्याळजी म्हणाले, आणि मान पार मागे वळवून मनोरा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

कार्यालयात मॅडमनी तक्ता घेतला. पंधरा, एकवीस, तेवीस. खाली बेरीज. मोजणीवाली खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"एकोणसाठ," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही याच बसने आलात ना?"

"हो. पण मोजणारा स्वतःला मोजत नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पेन्सिल घेऊन भागाकार केला. एकोणसाठ भागिले तीन. एकोणीस पूर्णांक दोन तृतीयांश.

"सुपरवायझर," त्यांनी हाक मारली, "आपल्या तक्त्यात सरासरी कशी लिहितात?"

"पूर्णांकात, मॅडम. अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा आकडा. सगळ्या थांब्यांना तसंच केलंय." तो जवळ आला. "माणसाचा तुकडा लिहिता येत नाही ना."

"सगळ्यांना तसंच केलंय?"

"पहिल्या दिवसापासून. हवं तर काढून दाखवतो."

त्याने खरंच काढून दाखवलं. सतरा थांब्यांच्या सरासरी अशाच वर-खाली केलेल्या होत्या. मॅडमनी सगळी पानं तपासली, मग टाकीच्या थांब्यासमोर वीस लिहिलं. त्यानंतर कोऱ्या तक्त्यावर पट्टीने एक नवी उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: संध्याकाळी उतरणारे. "पुढच्या मोजणीपासून हाही रकाना. आणि त्याला भत्ता द्या."

सुपरवायझरने रकान्याकडे पाहिलं, मोजणीवालीकडे पाहिलं, आणि मान हलवली.

बाहेर पडल्यावर मोजणीवाली चार ठिकाणी विचारत घड्याळजींच्या दुकानात पोचली. जिन्याखाली कपाटाएवढी जागा. भिंतीवर वीसेक घड्याळं, कुणाचंच कुणाशी पटत नव्हतं. घड्याळजींच्या डोळ्यात भिंग होतं आणि चिमट्यात डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा स्क्रू. हात जागचा हलत नव्हता.

"राहिला थांबा," ती दारातूनच म्हणाली. "वीस लिहिले."

"वीस? हिशेबाने तर वीस होत नाहीत."

"एकोणीस आणि वर दोन तृतीयांश आले. तेवढ्याचा त्यांनी एक पुरा माणूस धरला."

घड्याळजींनी स्क्रू जागेवर बसवला, अर्धा वळसा दिला, आणि मगच भिंग काढलं.

"मग तो दोन तृतीयांश मीच असणार," ते म्हणाले. "तुम्ही माझा हा पाय मोजला नसेल." आणि ते इतके हसले, की हातातलं घड्याळ त्यांना खाली ठेवावं लागलं.